बँडच्या मैदानावरील प्रौढ विषय आणि आपली मुले

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)





आमच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. समाजापुढे एवढे प्रश्न असताना मार्चिंग बँडवर भाषण कशाला, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्यापैकी कित्येक आई-वडील शरद ऋतूतील शुक्रवारच्या रात्री अंगावर ब्लँकेट घेऊन शाळेच्या मैदानाच्या लोखंडी बाकांवर बसतात, ते काही फुटबॉलच्या प्रेमाने नव्हे. मध्यंतरात मैदानावर उतरणाऱ्या दीडशे मुलांत कुठेतरी आपला मुलगा ट्रंपेट वाजवीत असतो, आपली मुलगी सहा फुटी दांड्याचा ध्वज फिरवीत असते. ह्याच पालकांकडून आम्हांला वारंवार एक प्रश्न विचारला जातो. युद्ध, गुलामगिरी, व्यसन, वंशद्वेष, आत्महत्या हे विषय शाळकरी मुलांनी मैदानावर सादर करावेत काय?

भारतातून भेटीला आलेल्या वडीलधाऱ्यांसाठी थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे बँड म्हटले की लग्नाची वरात किंवा प्रजासत्ताक दिनाचे संचलन डोळ्यांपुढे येते. येथील कला संचलनातूनच निघाली. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी गावोगाव ढोल-बिगुलांची पथके उभी केली, पुढे त्यांतून तरुणांचे ड्रम कोअर आले आणि १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे ड्रम कोअर इंटरनॅशनलची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. हिवाळ्यात बंदिस्त सभागृहात कलर गार्डच्या स्पर्धाही होऊ लागल्या. आरंभी सरळ रांगा आणि देशभक्तीची गीते असत. आज तेथे नेपथ्य, ध्वनिमुद्रित संवाद, नृत्य आणि संपूर्ण कथानक असते. शाळेच्या बँडचा खेळ साधारण सात ते दहा मिनिटांचा, ड्रम कोअरचा अकरा-बारा मिनिटांचा. एवढ्या वेळात एखादे नाटक, एखादे युद्ध, एखादे आयुष्य मांडायचे असते.

मग विषय गंभीर का होत गेले? कलेची वाढ हे एक कारण आहे, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु दुसरे कारण गुणपत्रिकेत आहे. ड्रम कोअरच्या १०० गुणांपैकी ४० गुण ‘जनरल इफेक्ट’साठी, म्हणजे एकूण परिणामासाठी असतात. मरण, विलाप आणि बंड ह्यांचा परिणाम फुलपाखरांच्या खेळापेक्षा लवकर होतो, हे आखणी करणाऱ्यांना ठाऊक असते. ही आखणी करणारे मानधन घेणारे प्रौढ असतात, आणि कोअरमधील मुले मात्र हजारो डॉलर शुल्क भरून उन्हात राबतात. हा व्यवहार पालकांनी डोळ्यांआड करू नये.

आपल्या घरांतून ह्या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे येतात. पहिले उत्तर असे की लहान वयात हे काही नकोच, मुलांनी आनंदाची गाणी वाजवावीत. हे म्हणणाऱ्यांना आम्ही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथाची आठवण देतो. राजपुत्राला म्हातारा, रोगी आणि प्रेत एकोणतिसाव्या वर्षापर्यंत दिसलेच नव्हते, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूला सारली आणि त्या जागी शाक्य व कोलिय ह्यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा मांडला. तरुण माणसापासून दुःख इतके लपवून ठेवता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. तद्वतच आपल्या घरांत खैरलांजीचे नाव मुलांसमोर घेतले गेले आहे. २००६ सालच्या त्या हत्याकांडावर जेवणाच्या टेबलावर बोलणारे आपण, शाळेने गुलामगिरीवर खेळ बसवला म्हणून तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

दुसरे उत्तर असे की जग कठोर आहे, मुलांना सर्व काही दाखवा, त्यांत बिघडते काय? डॉक्टर म्हणून आमचा ह्या उत्तराला अधिक विरोध आहे. प्रेक्षक खेळ एकदा पाहतो आणि गाडीत बसून घरी जातो. मूल तोच खेळ जुलै-ऑगस्टच्या शिबिरापासून नोव्हेंबरपर्यंत शेकडो वेळा करते. ‘पुन्हा एकदा, आठव्या मात्रेवर पड,’ असे त्याला भोंग्यावरून सांगितले जाते. ते मरण पाहत नसते, तर स्वतःच्या गुडघ्यांनी, खांद्यांनी, श्वासाने ते मरण पाठ करीत असते. सिनेमासाठी जे वयाचे निकष आपण लावतो ते पाहणाऱ्यासाठी आहेत. करणाऱ्यासाठी निराळा विचार हवा, आणि आमच्या मते ह्या वादात नेमका तोच सर्वांत कमी होतो. पालकसभेत ‘प्रेक्षकांना काय वाटेल’ ह्यावर तासभर चर्चा होते. मुलाला काय वाटते हे विचारायला कोणी उठत नाही.

काही उदाहरणे घेऊ. २००८ साली इलिनॉय राज्यातील रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंट ह्या कोअरने ‘स्पार्टाकस’ सादर केले. रोमन गुलामांचे बंड, शस्त्रे, हत्या, सर्व काही त्यात होते. ब्लूमिंग्टन येथे ते अवघ्या ०.०२५ गुणांनी विजयी झाले. हा खेळ आपल्या कोणत्याही तरुणाने करावा, असे आम्ही निःसंकोच सांगू. गुलामाला आपल्या गुलामीची जाणीव होणे ही गोष्ट आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. शिवाय ड्रम कोअरमध्ये २१ वर्षांपर्यंतचे तरुण असतात. ते आपल्या मर्जीने चाचणी देऊन आलेले असतात आणि आपण कोणाची कथा सांगतो हे त्यांना माहीत असते.

१९९१ साली सांता क्लारा व्हॅनगार्डने ‘मिस सायगॉन’ मैदानावर आणले. त्या संगीतिकेत सायगॉनच्या बारमध्ये काम करणारी एक व्हिएतनामी तरुणी आपल्या मुलाला अमेरिकेत जाता यावे म्हणून शेवटी स्वतःचा जीव घेते. संगीत मनाची पकड घेणारे आहे, ह्यात शंका नाही. परंतु न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ती येत असतानाच, १९९० साली, युरेशियन पात्रासाठी गोरा नट निवडल्याबद्दल आशियाई-अमेरिकन कलावंतांनी विरोध केला होता. आमचा आक्षेप ह्याच जातीचा आहे. आशियाई स्त्रीचे मरण हे दुसऱ्यांच्या हुंदक्याचे साधन झाले, तर ध्वज हाती घेतलेल्या आपल्या तपकिरी मुलीने त्यातून स्वतःविषयी काय शिकावे? विषय प्रौढ आहे ह्याने आम्ही अस्वस्थ होत नाही. ज्याचे दुःख आहे त्याला त्यात बोलायला जागा नाही, ह्याने होतो.

तिसरे उदाहरण आमच्या व्यवसायाला चिकटलेले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मिसिसिपीतील ब्रुकहेवन येथे जॅक्सन शहरातील एका शाळेच्या बँडने ‘जॉन क्यू’ ह्या २००२ सालच्या चित्रपटावर मध्यंतराचा खेळ केला. मुलाच्या हृदयरोपणासाठी पैसे नसलेला बाप रुग्णालयच ओलीस धरतो, अशी ती कथा. डॉक्टर-परिचारिकांच्या पोशाखातील मुलांनी पोलिसांच्या पोशाखातील मुलांवर खोट्या बंदुका रोखल्या. त्याच गावात आठवडाभरापूर्वी दोन पोलीस गोळीबारात मारले गेले होते. गदारोळ झाला, शाळामंडळाने क्षमा मागितली, बँड डायरेक्टरला कामापासून दूर करण्यात आले. विम्याअभावी उपचार न मिळणे हा विषय ह्या देशात मैदानावर यायलाच हवा, असे रोज त्याच तक्रारी ऐकणाऱ्या आम्हां मंडळींना वाटते. परंतु त्या रात्री, त्या गावात, त्या बाकांवर मृतांचे शेजारी बसले होते. ह्या प्रसंगात राज्यभरातील लोकांचा राग झेलावा लागला तो मुलांना, आणि त्यांनी तो विषय निवडलेला नव्हता.

ह्याउलट २०१२ साली पेन्सिल्व्हेनियातील न्यू ऑक्सफर्ड येथील बँडने १९१७ च्या रशियन क्रांतीवर खेळ केला व मैदानावर विळा-हातोडे आणले म्हणून काहूर उठले. तो आक्षेप आम्हांला पोकळ वाटतो. इतिहास वाजवणे म्हणजे त्याची दीक्षा घेणे नव्हे.

आता आत्महत्येविषयी. येथे मात्र आम्ही मवाळपणा दाखवणार नाही. अमेरिकेत १० ते २४ ह्या वयोगटातील मृत्यूंच्या प्रमुख कारणांत आत्महत्या आहे. अनुकरणाचा धोका जुना आहे. १७७४ साली गटेची ‘वेर्थर’ कादंबरी आल्यावर तरुणांनी तिच्या नायकाचे अनुकरण केल्याचे सांगितले गेले, आणि ठीक दोनशे वर्षांनी, १९७४ साली, समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स ह्यांनी वृत्तपत्रांतील बातम्यांच्या संदर्भात ह्या परिणामाला त्याच कादंबरीचे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटना प्रसारमाध्यमांना सांगते की पद्धत वर्णू नका, मरणाला प्रश्नाचे उत्तर म्हणून रंगवू नका, मदत कोठे मिळेल ते सांगा. हे नियम वृत्तपत्रांसाठी लिहिले असले तरी मैदानाला ते अधिकच लागू पडतात, असे आमचे मत आहे, कारण येथे वाचक नाही, कर्ता आहे. एकटेपणा, शोक, खचलेले मन ह्यांवर खेळ अवश्य व्हावा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे अनुभव नसतात असे ज्यांना वाटते, त्यांनी आमच्या दवाखान्यात एक दुपार बसावे. परंतु जीव देण्याची कृती नृत्यात बसवणे आणि तिच्यावर टाळ्यांचा कळस चढवणे हे शाळेने करू नये, कोअरनेही करू नये.

आणि येथे आपल्या समाजाकडेही पाहू. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुलाने प्राण सोडले, तेव्हा आपण सभा घेतल्या, निषेधाची पत्रके काढली. ते योग्यच होते. परंतु आपण त्या मृत्यूविषयी मुलांना जे सांगितले ते अन्यायाच्या भाषेत. तुझ्या मनात कधी असे आले तर माझ्याकडे ये, हे वाक्य किती घरांत उच्चारले गेले? ते बँड डायरेक्टरने उच्चारावे अशी अपेक्षा ठेवून भागणार नाही. ह्या देशात ९८८ हा क्रमांक जुलै २०२२ पासून त्यासाठीच आहे.

लैंगिक विषयांवर आम्ही फार वेळ घेणार नाही. प्रेम, विरह, फसवणूक ह्या भावना किशोरवयीन मुलांच्या स्वतःच्या आहेत, त्या त्यांनी वाजवाव्यात. अल्पवयीन मुलीच्या देहाचे प्रदर्शन होईल असा पोशाख किंवा पदन्यास नको, एवढे पुरे. आम्हांला त्याहून मोठी भीती वेगळीच वाटते. २०१८ साली एका नामवंत कोअरच्या संचालकावर अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले आणि त्याला पद सोडावे लागले. २०११ साली फ्लोरिडातील एका विद्यापीठाच्या बँडमधील ड्रम मेजर सहकाऱ्यांच्या मारहाणीत, ‘हेझिंग’ नावाच्या रानटी प्रथेत, मरण पावला. हे दोन्ही प्रकार मैदानाबाहेर घडले, कोणत्याही खेळाच्या कथानकात नव्हे. पालकांचे सारे लक्ष कथानकाच्या नावावर खिळलेले असते, आणि बसमध्ये, वसतिगृहात, तालमीनंतर मुलांवर सत्ता कोणाची चालते हे पाहायचे राहून जाते. (जाता जाता डॉक्टरी सल्ला: ढोलांच्या रांगेजवळ आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. कानात प्लग नसतील तर विषय कितीही पवित्र असला तरी श्रवणशक्ती जाते. ऑगस्टच्या उन्हातील पाण्याचेही तेच.)

सत्तेच्या ह्या प्रश्नामुळे आम्हांला गावाकडची हलगी आठवते. आपल्यातील कित्येकांच्या पूर्वजांना गावच्या लग्नात, जत्रेत वाजवावे लागे. हाताला कला होती, पण नाही म्हणण्याचा हक्क नव्हता. म्हणून चळवळीच्या काळात अनेकांनी ते वाद्य टाकून दिले. आज नातवंडाने गळ्यात ढोल अडकवलेला पाहून काही आजोबांचे मन कचरते, ते त्यामुळेच. त्यांचे समाधान आम्ही एवढेच सांगून करतो की हा ढोल त्याने स्वतः मागून घेतला आहे. परंतु विषय त्याला न विचारता लादला, आणि नकार दिल्यास रांगेतील जागा जाईल अशी धास्ती घातली, तर आजोबांची शंका खरी ठरते.

तेव्हा पालकांनी काय करावे? विषय साधारणतः उन्हाळ्याच्या आधी ठरतो. शिबिर सुरू होण्यापूर्वीच बँड डायरेक्टरला भेटावे, पहिल्या सामन्यानंतर नव्हे, कारण तोवर पोशाख शिवून झालेले असतात. मुलांशी ह्या विषयावर कोण बोलणार आहे, हे विचारावे. एखाद्या मुलीने विशिष्ट भूमिका नाकारली तर तिला दुसरी जागा मिळेल ना, हे विचारावे. अकरा-बारा वर्षांच्या मुलांची मिडल स्कूलची पथके आणि एकवीस वर्षांचे कोअर ह्यांना एकच माप लावू नये. कोणाच्या दुःखावर खेळ बसवला असेल तर त्या लोकांपैकी कोणाला विचारले आहे काय, हेही विचारावे. आपण प्रश्न विचारले तर मुलाची अडचण होईल ही भीती आम्हांला ठाऊक आहे. परदेशात आलेल्या माणसाच्या जिभेवर ती नेहमी बसलेली असते. परंतु सभ्यपणे विचारलेल्या प्रश्नाचा राग मानणारा शिक्षक आम्हांला क्वचितच भेटला आहे.

तरुण मित्रांना एक विनंती. पहिल्या खेळाच्या आधी तो खेळ कशाविषयी आहे हे आजीला मराठीत सांगा. भारतात असेल तर फोनवर सांगा. शब्द अडतील, ‘डिप्रेशन’ला आजीच्या मराठीत काय म्हणावे असा प्रश्न पडेल. कदाचित ती सांगेल की आमच्या वस्तीत अमक्याला तसेच झाले होते आणि त्याला कोणी काही म्हणत नसे. मग ती विचारील की ह्यात तू कोण आहेस आणि तुला तेच का व्हायचे आहे. त्याचे उत्तर तुम्हांला देता आले तर खुशाल मैदानात उतरा, आम्ही बाकांवर बसलेलेच आहोत.

जयभीम.