प्रबंध खुला आहे, पण सापडतो का?

बर्डीवर बसून रेकॉर्ड करतोय, व्हरायटी चौक जवळच आहे, त्यामुळे मधेच हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या.

आजचा विषय मावशीमुळे सुचला. ती भंडारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. 2011 साली झाडीपट्टीतल्या दंडारीवर तिची पीएचडी झाली. त्यासाठी ती वडसा, लाखांदूर, ब्रह्मपुरी असं एसटीनं फिरली, म्हाताऱ्या कलावंतांच्या मुलाखती घेतल्या आणि त्या परिशिष्टात जशाच्या तशा दिल्या. त्यातले बरेच जण आता हयात नाहीत.

मागच्या दिवाळीत तिनं एका तरुण अभ्यासकाचा लेख वाचला. लेख मेहनतीनं लिहिलेला, पण त्यात एक वाक्य होतं: या पिढीच्या मुलाखती कुणी घेऊन ठेवल्याच नाहीत. मावशीचा लगेच फोन. "काहून रे, माझा प्रबंध तर इंटरनेटवर आहे ना?"

आहे की. शोधगंगेवर आहे. यूजीसीनं 2009 च्या नियमांत पीएचडीच्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं, आणि देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या या भांडारात जमा झाले. कुणीही उघडा, फुकट वाचा. ही फार मोठी गोष्ट आहे. आधी प्रबंध बघायला त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसावं लागायचं.

मग त्या मुलाला तो का सापडला नाही? मी स्वतः शोधून पाहिलं. मावशीचं नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं, लगेच आलं. देवनागरीत 'दंडार' टाकलं, तिच्या प्रबंधाचा पत्ता नाही. मग पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकली, आणि कोडं सुटलं. सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, अर्थ शून्य.

ज्यांनी युनिकोडच्या आधी मराठी टायपिंग केलंय त्यांना कळलंच असेल. प्रबंध कृतिदेवमध्ये टाइप केलेला होता. या जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर मराठी अक्षर साठवतच नाही. तो साठवतो इंग्रजी 'डी' आणि 'के', फॉन्ट फक्त त्यांच्या जागी 'का' असं चित्र दाखवतो. आपल्या डोळ्याला मराठी दिसतं, सर्च इंजिनला 'डी-के' दिसतं. स्कॅन करून टाकलेल्या प्रबंधात तर तेवढंही नसतं, नुसता फोटो असतो. यात दोष शोधगंगेचा नाही हं. फाइल जशी आली तशी ठेवली गेली.

मावशीकडे सीडीवर मूळ वर्ड फाइल निघाली. आता सीडी वाचणारा ड्राइव्ह कुणाकडे असतो? तो मिळवण्यातच एक रविवार गेला. मग कन्व्हर्टर. मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम. पण कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफारचं उलटं, तो टाइप होतो नंतर, साठवला जातो आधी. कन्व्हर्टर बहुतेक ठिकाणी हे सांभाळतो, पण जोडाक्षरांत गडबडतो. झाडीबोलीतले शब्द तर मला कळेचनात, चूक कुठली आणि बोली कुठली! शेवटी मावशीनं रोज रात्री पाच-पाच पानं तपासली. तीन महिने लागले.

तयार झालेली प्रत आम्ही झेनोडोवर टाकली. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेनं 2013 पासून चालवलेलं हे भांडार आहे. विद्यापीठाचं स्वतःचं भांडार नसलं तरी चालतं, पैसे लागत नाहीत आणि डीओआय मिळतो, म्हणजे संदर्भ द्यायला कायमचा क्रमांक. शीर्षक आणि सारांश मराठी, इंग्रजी दोन्हीत भरला. 'झाडीपट्टी', 'दंडार', गावांची नावं, सगळं देवनागरीत. टाकण्याआधी मावशीनं दोन गोष्टी आवर्जून केल्या: जिथे पत्ता लागला तिथे कलावंतांच्या घरच्यांना विचारलं, आणि मुलाखतींतले घरचे पत्ते काढून टाकले. मला हे सुचलंच नसतं.

ऐकणाऱ्यांत प्राध्यापक बरेच आहेत, म्हणून लेखांबद्दलही सांगतो. नियतकालिकात छापून आलेली पीडीएफ उचलून टाकू नका, तिचे हक्क बहुतेकदा प्रकाशकाकडे असतात. पण परीक्षकांनी मान्य केलेला तुमचा शेवटचा मसुदा, स्वतःच्या वर्ड फाइलमधला, भांडारात ठेवायला अनेक प्रकाशक परवानगी देतात. कधी लगेच, कधी काही महिन्यांनी. करार वाचा. प्रबंधाचं पुस्तक झालं असेल तर त्या प्रकाशकालाही विचारा. आणि टाइप करताना, प्लीज, युनिकोड.

मावशीनं नवी लिंक त्या अभ्यासकाला पाठवली. त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. परिशिष्टातल्या एका मुलाखतीतले आजोबा त्याच्याच गावचे निघाले, आणि ती मुलाखत टेपवरही आहे का, असं त्यानं विचारलंय. कॅसेट आहेत, अकरा. कॅसेट प्लेअर कुणाकडे चालू असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जातो.