सुई, दोरा आणि एस्पेरांतो

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



चाळीस वर्षे मी कापड विकले. नुसत्या बोटांनी पोत ओळखणारा, असा माझा लौकिक. परंतु २०२० च्या टाळेबंदीत सौ. तापाने अंथरुणास खिळल्या आणि माझे पितळ उघडे पडले. कुकरच्या शिट्ट्या किती घ्याव्यात, हे मला ठाऊक नव्हते. सदऱ्याचे बटण लावण्यासाठी सुईत दोरा ओवता ओवता अर्धा तास गेला. अखेर तापातच उठून त्यांनी मला मूगडाळीच्या खिचडीचे प्रमाण सांगितले. त्या क्षणी वाटलेली लाज मी आजही विसरलेलो नाही.

मग ठरवले, दरमहा एक काम शिकायचे. बटण, शिलाई, इस्त्री, नळाचा वायसर, मेन स्विच बंद करून फ्यूजची तार बदलणे. हात शिकू लागले, तसे मनही पुन्हा विद्यार्थी झाले. त्याच दिवसांत नातवाने मला एस्पेरांतो या भाषेचे नाव सांगितले.

तिचे जनक डॉ. लुडविक झामेनहॉफ हे नेत्रवैद्य. जन्म १८५९ चा, बियालिस्टॉक गावी. आज पोलंडमध्ये असलेले हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते आणि कापडाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. तेथे पोलिश, रशियन, जर्मन आणि यिदिश बोलणारे लोक शेजारी राहत, पण त्यांची मने दुरावलेली. सर्वांना सारखीच परकी, म्हणून सारखीच आपली, अशी भाषा त्यांनी रचली. १८८७ मध्ये वॉर्सा येथे तिची पहिली पुस्तिका निघाली. खर्चाचा भार साबणाचे कारखानदार असलेल्या सासऱ्यांनी उचलला. विशेष म्हणजे भाषेवरील आपला हक्क झामेनहॉफ यांनी तेव्हाच सोडून दिला. आपल्या परंपरेत यालाच अपरिग्रह म्हणतात.

या भाषेची रचनाही स्वावलंबी आहे. ‘तोंदी’ म्हणजे कातरणे. त्यात साधनवाचक ‘इल’ घातले की ‘तोंदिलो’, म्हणजे कात्री. ‘कुद्री’ म्हणजे शिवणे, तर ‘कुद्रिलो’ म्हणजे शिवण्याची सुई. ‘बोना’ म्हणजे चांगला, ‘मालबोना’ म्हणजे वाईट. मूळ धातू ठाऊक असला की शब्द आपणच बेतावा, जसा शिंपी ताग्यातून सदरा बेततो.

या भाषेने माझा एक मीटरही माल जास्त खपला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. जगानेही ती सर्वत्र स्वीकारली नाही. तरीही साठी उलटल्यावर नवे शिकता येते, हा विश्वास तिने दिला. भगवान महावीरांनी उपदेशासाठी लोकांना समजणारी अर्धमागधी निवडली, यामागील करुणाही मला नव्याने उमगली.

बंधूंनो, स्वावलंबन म्हणजे इतरांची गरज नसणे नव्हे; आपला भार दुसऱ्यावर न टाकणे होय. म्हणून विश्वस्तांना नम्र विनंती की, आपल्या सभागृहात रविवारी एक तास असा असावा, जेथे मुलगे बटण लावतील, मुली फ्यूज बदलतील आणि माझ्यासारखे आजोबा खिचडी शिकतील. पहिल्या रविवारी सुई-दोरा माझ्या दुकानातून येईल.

जय जिनेंद्र!