मनगटाला टेप : कधी, कशी आणि किती

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलण्याचा ढंग शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आपल्या कट्ट्यावर आजवर गुडघे झाले, मोतीबिंदू झाला, मधुमेह तर दोनदा झाला. मनगटाची पाळी काही आली नाही. मनगट तसं गरीब आहे, दुखेपर्यंत आठवण करून देत नाही. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. आयुष्य बँकेत गेलं. पण गेल्या पावसाळ्यात माझं उजवं मनगट दुखावलं, आणि पुढचे तीन महिने हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट बाईंना मी इतके प्रश्न विचारले की त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही ऑडिटला आलाय का?" उत्तरं डायरीत लिहून ठेवली होती. हे टिपण बोलण्याआधी त्यांना दाखवून घेतलं आहे.

हा विषय घेण्याचं कारण सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण फ्लॅटचा ताबा घेतला तेव्हा आपल्यातले बरेचसे चाळिशी-पन्नाशीत होतो. आज सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. जिने तेच आहेत, पार्किंगचा उतार तोच आहे, पाय मात्र ते राहिले नाहीत. आणि माणूस पडताना काही विचार करत नाही, हात आपोआप पुढे जातो. सगळा भार येतो तळहातावर, म्हणजेच मनगटावर. गेल्या दोन पावसाळ्यांत आपल्याच इमारतींत मनगट गुंडाळून फिरणारे पाच जण मी पाहिले. कोणी क्रेप बँडेज बांधलेलं, कोणी औषधाच्या दुकानातला काळा पट्टा चढवलेला, एकाला नातवाने निळी टेप चिकटवून दिलेली. पाचही जणांना विचारलं, "नेमकं काय झालंय?" उत्तर एकच, "काही नाही हो, मुरगळलंय."

आता हे 'मुरगळलंय' म्हणजे काय? मनगटात आठ लहान हाडं असतात. कोणतं वाटाण्याएवढं, कोणतं सुपारीएवढं. ती दोन ओळींत बसवलेली असतात आणि कोपराकडून येणारी दोन लांब हाडं त्यांना येऊन भिडतात. या सगळ्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे जे चिवट पट्टे, ते अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. हात वेडावाकडा वळला की हे पट्टे ताणले जातात, किंवा थोडे फाटतात, किंवा पूर्ण तुटतात. तिन्हींत दुखतं, तिन्हींत सूज येते, आणि तिन्हींना आपण मुरगळणंच म्हणतो. पहिल्यात दोन-तीन आठवड्यांत आराम पडतो. दुसऱ्याला सहा आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. तिसऱ्यात कधीकधी शस्त्रक्रिया करावी लागते. आणि एक चौथी शक्यता असते, की लिगामेंट राहिलं बाजूला, हाडच मोडलंय.

म्हणून टेपचं बोलण्याआधी एक्स-रेचं बोलतो. आपल्या वयात हातावर पडल्यावर मोडतं ते बहुधा अंगठ्याच्या बाजूचं लांब हाड, मनगटाच्या जरा वर. १८१४ मध्ये डब्लिनच्या अब्राहम कॉलिस नावाच्या सर्जनने या मोडण्याचं वर्णन लिहून ठेवलं, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी. नुसत्या बोटांनी चाचपून! आपल्याला तेवढी विद्या नाही, तेव्हा एक्स-रे काढावा.

दुसरं हाड मात्र फसवं आहे. अंगठा ताठ वर करून बाहेर ताणा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला एक खळगा दिसेल. आपल्यापैकी काहींच्या आजोबांनी त्याच खळग्यात तपकीर घेऊन नाकाला लावलेली आपण पाहिली आहे. इंग्रजी शरीरशास्त्रातही त्या जागेला तपकिरीच्या डबीचंच नाव आहे. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं हाड असतं. पडल्यानंतर तिथे दाबून दुखलं, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी निश्चिंत व्हायचं नाही. त्या हाडाची बारीक चीर पहिल्या फोटोत अनेकदा दिसत नाही. डॉक्टर हात आधारात ठेवतात आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात किंवा एमआरआय सांगतात. या हाडाला रक्तपुरवठा उलट्या बाजूने होतो, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर ते जुळतच नाही. अशा हातावर वरून टेप लावून दुखणं दाबणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

माझ्या बाबतीत हाड शाबूत होतं. दुखत होतं करंगळीच्या बाजूला. किल्ली फिरवताना, बरणीचं झाकण उघडताना, खुर्चीच्या हातावर भार देऊन उठताना कळ यायची. पाण्याने भरलेला तांब्या उचलून कलता करणं नको वाटायचं. त्या बाजूला दोन लांब हाडांच्या टोकांना सांधणारी कूर्चेची आणि लिगामेंटची एक त्रिकोणी गादी असते. डॉक्टर तिला टीएफसीसी म्हणतात. तिच्या मधल्या भागाला रक्त जवळजवळ पोचतच नाही, म्हणून ती सावकाश भरते आणि वयानुसार झिजतेही.

इथे फिजिओथेरपिस्ट बाईंनी जे केलं ते मला फार आवडलं, कारण त्यात आकडे होते. साधा वजनाचा काटा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तळहात टेकवून हळूहळू दाबा. दुखायला लागलं की थांबा आणि आकडा वाचा." माझा आकडा आला सहा किलो. मग त्यांनी न ताणणारी पट्टी मनगटाच्या घडीच्या जरा वर, कोपराच्या बाजूला, दोन हाडांची टोकं जिथे शेजारी येतात तिथे दोन वेढे देऊन लावली, आणि पुन्हा दाबायला सांगितलं. अकरा किलो! बरा झालेला नव्हता हो हात, पाच मिनिटांत कसला बरा होतोय. पण त्या दोन हाडांना बाहेरून जवळ धरून ठेवणारं कोणीतरी मिळालं होतं. पट्टीचं काम एवढंच. कर्जाला जामीनदार मिळाला म्हणून कर्ज फिटत नाही.

टेपचे प्रकार पुष्कळ आहेत, त्यातले दोन ओळखता आले तरी पुरे. एक न ताणणारी, झिंक ऑक्साइडच्या चिकटाची, आपण सरसकट जिला ल्युकोप्लास्ट म्हणतो त्या कुळातली. खेळाडू वापरतात ती जरा जाड आणि मजबूत असते, मनगटाला साधारण दीड इंच रुंदीची पुरते. ही हालचाल खरोखर अडवते. पण हात चालायला लागला आणि घाम आला की तासाभराच्या आत तिची पकड सैल पडते. म्हणून ती कामाच्या आधी लावायची आणि काम झालं की काढायची. सकाळी लावलेली रात्रीपर्यंत ठेवली तर संध्याकाळी आधार कमी आणि खाज जास्त.

दुसरी ती रंगीत, ताणणारी. जपानच्या केन्झो कासे यांनी ती १९७०च्या दशकात तयार केली, आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर दिसल्यावर जगभर पोचली. ती तीन-चार दिवस राहते, अंघोळीतही निघत नाही. हाड जागेवर धरून ठेवण्याची ताकद तिच्यात नाही. त्वचेला सारखा हलका स्पर्श राहतो, त्यामुळे आपण हात जपून वापरतो, आणि काहींना तेवढ्याने बरं वाटतं. तिच्याबद्दलचे दावे मोठे आहेत, पुरावे त्या मानाने बेताचे. रंगाचा परिणामाशी काही संबंध नाही, तेव्हा निळी की गुलाबी यावर वाद नको.

लावायची कशी? पहिली गोष्ट, ताजी सूज असताना घट्ट वेढे द्यायचे नाहीत. पहिले दोन दिवस सूज वाढू शकते, टेप काही वाढत नाही. तेव्हा अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढून ठेवावं, हात उशीवर उंच ठेवावा, आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावावा. आंबेहळदीच्या लेपाशी माझं भांडण नाही. पण कढत लेप नको, चोळणं नको, आणि कोणाकडून तरी हात ओढून 'बसवून' घेणं तर मुळीच नको.

सूज उतरल्यावर, डॉक्टरांनी होकार दिल्यावर टेप. त्वचा धुऊन कोरडी करायची, तेल किंवा मलम नको. बोटं पूर्ण फाकवून ठेवायची म्हणजे मनगट भरतं आणि वेढा आपोआप बेताचा बसतो. मूठ सैल सोडून लावली तर नंतर काचते. हात मागे वाकला की दुखत असेल, तर आधाराच्या पट्ट्या तळहाताच्या बाजूने घ्यायच्या. एक वेढा पंजाभोवती, एक मनगटाच्या वर, आणि दोन्हींना जोडणाऱ्या फुलीसारख्या दोन पट्ट्या. पुढे वाकवताना दुखत असेल तर हीच फुली हाताच्या पाठीवर. कोणती बाजू ते एकदा फिजिओथेरपिस्टकडून समजून घ्या, आणि घरात जो ती लावून देणार आहे त्याला बरोबर न्या. एका हाताने स्वतःच्या मनगटाला टेप लावणं ही सर्कस आहे.

लावून झाल्यावर नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं गार पडली, निळसर झाली, मुंग्या आल्या किंवा दुखणं वाढलं, तर टेप त्याच क्षणी काढायची. ज्यांना आधीच रात्री बोटांना मुंग्या येतात, त्यांच्या मनगटातली नस दबत असू शकते. त्यांनी घट्ट पट्टीच्या वाटेला विचारल्याशिवाय जाऊ नये. नातवंडं उचलून अंगठ्याच्या बाजूला दुखतं, ते बहुधा लिगामेंटचं नसून कंडरेचं असतं. त्याचा पट्टा वेगळा असतो, अंगठ्यालाही धरणारा.

आपल्या वयाची त्वचा पातळ झालेली असते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर टेप ओढल्याने काळेनिळे डाग पडतात, मधुमेह असेल तर सोललेली जागा लवकर भरत नाही. म्हणून आधी लहानसा तुकडा हाताच्या आतल्या बाजूला एक दिवस चिकटवून पाहावा. काढताना खोबरेल तेल लावून थोडं थांबावं, आणि एका हाताने त्वचा धरून टेप स्वतःवरच दुमडत सावकाश सोडवावी. सिनेमातल्यासारखी फर्रकन नाही.

आता ज्यासाठी मी खरं तर उभा राहिलो ते. माझ्या पाहण्यातल्या त्या पाच जणांत तीन भगिनी होत्या. त्यातल्या एकीने टेप लावून घेतली आणि त्याच दुपारी पाच जणांची कणीक मळली, चादरी पिळल्या. टेपमुळे कळ कमी झाली, म्हणून घरच्यांनाही वाटलं की बरं झालं. तीन आठवड्यांनी मनगट पहिल्यापेक्षा वाईट. हे एका घरातलं नाही. पुरुषाच्या हाताला पट्टी दिसली की आपण त्याला खुर्ची देतो, बाईच्या हाताला पट्टी दिसली की म्हणतो, "चला, आता पोळ्या करता येतील." टेप लावलेला हात हा दुखावलेलाच हात आहे. घरातल्या कर्त्या पुरुषांनी आणि मुलांनी महिनाभर कणीक मळायला शिकावं. मी सत्तरी उलटल्यावर शिकलो. पहिले चार दिवस पोळ्यांना नकाशांचे आकार आले, पण त्या खाल्ल्या गेल्या.

थोडं माझ्या जुन्या धंद्याचं. मनगट दुखत असताना केलेली सही बदलते, टेप लावलेली असेल तर आणखीनच. आपल्यातल्या एकांचा चेक सही जुळत नाही म्हणून परत आला. त्या काळात शक्यतो चेक देऊ नयेत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतो, तो आता बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर डिजिटलही देता येतो. आणि सही करणं खरंच अशक्य झालं, तर दोन साक्षीदारांसमोर, ज्यातला एक बँकेचा अधिकारी असतो, अंगठ्याचा ठसा देऊन पैसे काढण्याची सोय आहे. शिक्षित माणसाने अंगठा उठवायचा कसा, म्हणून संकोच करू नका.

व्यायाम मात्र टेप काढल्यावरच, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर. मऊ चेंडू दाबणं, ओला रुमाल हलक्या हाताने पिळणं. आणि एक घरगुती, लाटणं एका टोकाला धरून, कोपर अंगाला टेकवून, सावकाश डावीकडे-उजवीकडे कलतं करणं. मला काट्यावर पंचवीस किलोपर्यंत यायला अकरा आठवडे लागले. दर रविवारी आकडा लिहीत होतो. दोन रविवार तो खाली गेला होता, तेही डायरीत आहे.

शेवटी प्रश्न आले, त्यातले दोन सांगतो. तांब्याच्या कड्याने फरक पडतो का? हौस म्हणून घालावं, सुजलेल्या हातात घालू नये. तयार पट्टा घ्यावा की टेप? रोज लावून देणारं कोणी नसेल तर पट्टा बरा, एका हाताने चढवता येतो. मात्र तो झोपताना घालायचा की नाही, ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.

सोसायटीच्या ऑफिसातल्या प्रथमोपचार पेटीत आता दोन क्रेप बँडेज, दीड इंची टेपचे दोन रोल, बोथट टोकाची कात्री आणि खोबरेल तेलाची लहान बाटली ठेवली आहे. ऑफिस बंद असताना किल्ली मुख्य फाटकावरच्या सुरक्षारक्षकाकडे असते. रोल वापरला तर वहीत फ्लॅट नंबर लिहावा, म्हणजे मला दुसरा आणून ठेवता येईल.