नकाशाचे तुकडे आणि ग्राफिक्स मेमरी

दिग्रसजवळच्या अरुणावती धरणाचा जलाशय ‘इस्रो’च्या २००९ साली सुरू झालेल्या ‘भुवन’ या नकाशासेवेवर पाहिला जातो, तेव्हा त्या परिसराचे संपूर्ण उपग्रहचित्र ग्राफिक्स मेमरीत, म्हणजे पडद्यावरील चित्रे रेखाटण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्मृतीत, एकदम मावणे कठीण असते. म्हणून अशा नकाशांत चित्राचे चौकोनी तुकडे करून दिसणाऱ्या भागाचेच तुकडे मागवले जातात. लांबी-रुंदीत २५६ बिंदूंचा, बिंदूमागे चार बाइट घेणारा तुकडा २५६ किलोबाइट जागा व्यापतो. जागा भरली की सर्वाधिक काळ न वापरलेला तुकडा काढला जातो. अधिक कौतुकास्पद आहे ते संक्षेपण: रंगांची थोडी अचूकता सोडून बिंदूमागे चारच बिट ठेवले, तर तेवढ्याच जागेत आठपट तुकडे राहतात आणि साध्या मोबाइलवरही नकाशा कमी अडखळतो.