फोनने आपलं गाव नीट म्हणावं म्हणून

आम्ही कासारसाईच्या बचत गटातल्या बायका. आज बोलणाऱ्या फोनची गोष्ट सांगणार आहोत.

आमच्या एका मावशींना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. इतकी वर्षं मासिक बैठकीत आम्ही हिशेब वाचायचो आणि त्या अंगठा द्यायच्या. मग आम्ही हिशेब मोबाईलवर लिहायला लागलो, म्हणजे तो फोनच त्यांना वाचून दाखवेल. पहिल्याच दिवशी फोन म्हणाला, "कासारासाई." सगळ्या हसल्या. मावशी म्हणाल्या, "गावाचं नाव चुकतंय, तर माझ्या कर्जाचा आकडा बरोबर कशावरून?" मग कुणी हसलं नाही.

यंत्र बोलतं कसं, ते आम्ही समजून घेतलं. झामेनहोफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८८७ साली वॉर्सा शहरात एका नव्या भाषेचं पुस्तक छापलं. ती भाषा एस्पेरांतो. त्यात २८ अक्षरं, प्रत्येक अक्षराचा एकच उच्चार, आणि जोर नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. मुद्दाम घडवलेली भाषा, म्हणून नियम सरळ. ईस्पीक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते ही भाषा बोलतं आणि आपली मराठीही बोलतं. त्यात प्रत्येक भाषेसाठी उच्चाराचे नियम लिहिलेले असतात, आणि नियमात न बसणाऱ्या शब्दांची वेगळी यादी असते.

आता आपली मराठी बघा. 'चार भाकरी' आणि 'गुरांचा चारा', दोन्हीकडे च एकच लिहितो, पण म्हणतो वेगळा. 'जातीचा दाखला' आणि 'बाजारात जात आहे', तिथेही तसंच. 'गट' लिहिताना ट पूर्ण, बोलताना तोडलेला. कासारसाईतला मधला रसुद्धा आपण तोडूनच म्हणतो. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, आईच्या तोंडून आलं. यंत्राला मात्र कुणीतरी सांगावंच लागतं.

आम्ही साधे उपाय केले. वाचून दाखवायच्या हिशेबात 'कासार साई' असं तोडून लिहिलं. 'रु.' ऐवजी 'रुपये' लिहिलं. रक्कम आकड्यात आणि अक्षरातही लिहिली. आता मावशी आधी ऐकतात, मगच अंगठा देतात.

दुसऱ्याच महिन्यात त्यांनी फोन थांबवायला लावला. "माझा एक हप्ता यात नाही," म्हणाल्या. वही काढून पाहिली. हप्ता भरलेला होता, मोबाईलवर चढवायचा राहिला होता. या वेळी चूक फोनची नव्हती, आमची होती.

म्हणून सांगतो, तुमच्या गटात कुणाला दिसत नसेल, वाचता येत नसेल, तर फोनला वाचायला लावा. चुकलेले शब्द वहीत टिपून ठेवा आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचा. आपला शब्द कसा म्हणायचा हे आपल्यालाच ठाऊक आहे. आणि आपला हिशेब आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय अंगठा देऊ नका.