पत्ता कोरू नका



फौजेत असताना आमची पलटण पंजाबात असो की लडाखमध्ये, घरचं पत्र पोचायचंच. पत्त्यावर गाव नसायचं. नाव, पलटण आणि ‘५६ ए.पी.ओ.’ एवढंच. पलटण सध्या कुठे आहे, ते फौजेचं टपाल खातं बघायचं. आजची गोष्ट अशाच पत्त्याची आहे, फक्त सॉफ्टवेअरमधली.

निवृत्तीनंतर मी वीरनारींच्या पेन्शनची थकबाकी काढून अर्ज छापणारा छोटा लिनक्स प्रोग्राम लिहिला. माझ्या लॅपटॉपवर महिनाभर उत्तम चालला. इंदूरच्या मेळाव्यात दुसऱ्याच्या मशीनवर टाकला, तर उघडेचना. ‘लायब्ररी सापडत नाही.’ बारा जणी दुपारपर्यंत बसून राहिल्या. एक ताई देवासहून पहाटेच्या बसने आल्या होत्या. रिकाम्या हाताने परत गेल्या.

चूक माझी. बिल्ड करताना माझ्या होम फोल्डरचा पूर्ण पाथ बायनरीत कोरला गेला होता. तो फोल्डर फक्त माझ्याच मशीनवर होता, म्हणून तिथे चूक कधी दिसलीच नाही.

आता उपाय. लायब्ररी कुठे शोधायची, ते बायनरीतल्या आरपाथमध्ये असतं. तिथे पूर्ण पाथऐवजी ‘डॉलर ओरिजिन’ लिहा. म्हणजे प्रोग्राम जिथे आहे, तिथपासून शोध. तयार बायनरीत हा बदल पॅचएल्फने करता येतो. फॉन्ट, नमुने अशा फाइलींसाठी प्रोग्रामने सुरू होताच स्वतःचं ठिकाण सिस्टिमला विचारावं.

कोड दुसऱ्याचा असेल तर? कोंडाची युक्ती बघा. पॅकेज बांधताना मुद्दाम २५५ अक्षरांचा लांबलचक पाथ घालतात. इन्स्टॉल करताना तिथे खरा पाथ बसवतात आणि उरलेली जागा शून्य बाइटने भरतात. कारण बायनरीची लांबी बदलली, तर आतले सगळे पत्ते सरकतात. म्हणून नवा पाथ आखूड चालतो, लांब चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पाठवण्याआधी आपल्या मशीनवरच्या बिल्ड फोल्डरचं नाव बदला, पॅकेज दुसरीकडे हलवा आणि मग चालवून बघा. ‘स्ट्रिंग्ज’ कमांडने बायनरीत आपल्या फोल्डरचं नाव उरलंय का, तेही तपासा. पाच मिनिटांचं काम. मी ते केलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा इंदूरला गेलो. देवासच्या ताई आल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘साहेब, आज चालेल ना?’’

चालला. अर्ज त्यांच्या हातात दिला, तेव्हाच मी खुर्चीवर बसलो.

जय हिंद.