दंतसेवेची परदेशवारी



टांझानियाच्या खेड्यात दाढ दुखू लागली म्हणजे माणूस दंतवैद्याकडे जात नाही. कारण जवळपास दंतवैद्य नसतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१४ ते २०१९ या काळात तिच्या आफ्रिका विभागात दर एक लाख लोकांमागे ३.३ दंतवैद्य होते. जागतिक सरासरीच्या हे प्रमाण सुमारे एक दशांश. आणि असलेल्यांपैकी बहुतेक शहरांत. उलट ब्रिटनच्या अनेक दंतमहाविद्यालयांत अभ्यासक्रमाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांना काही आठवड्यांचा ऐच्छिक काळ मिळतो, आणि त्यांतील कित्येक जण तो टांझानिया, नेपाळ, कंबोडिया अशा देशांत सेवेसाठी घालवतात. एकीकडे गरज आहे, दुसरीकडे उत्साही हात आहेत. मग यात आक्षेप घेण्यासारखे काय?

आक्षेप जुना आहे. मेक्सिकोत काम करू इच्छिणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे १९६८ साली इव्हान इलिच यांनी भाषण केले आणि मदतीसाठी येऊच नका, असे त्यांना तोंडावर सांगितले. पाहायला या, शिकायला या, उपकार करायला नको, असा त्यांचा रोख होता. इलिच टोकाचे बोलत, हे खरे. पण दंतवैद्यकापुरते तरी त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकता येत नाही.

दोन-तीन आठवड्यांच्या शिबिरात प्रामुख्याने होते काय? रांग लागते, भूल दिली जाते, दात उपटला जातो, वेदना थांबते. रात्र रात्र तळमळलेल्या माणसाला वेदना थांबण्याचे मोल विचारावे. ते क्षुल्लक मानण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु चार दिवसांनी त्या जखमेत पू झाला तर पाहायचे कोणी? तोवर विद्यार्थी विमानात बसलेला असतो. शिवाय त्याला रोग्याची भाषा येत नाही. संमती घ्यायची तीही दुभाष्यामार्फत. मायदेशी अध्यापक शेजारी असल्याखेरीज ज्या दाढेला हात लावता येत नाही, ती परदेशात एकट्याने काढायची मुभा मिळत असेल, तर त्या सेवेत गरिबाचा जबडा म्हणजे सरावाची पाटीच ठरते. अशा प्रशिक्षणासाठी २०१० साली एका अभ्यासगटाने नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ती पाळली जातात की नाही, हे तपासणारी यंत्रणा यजमान देशात क्वचितच असते.

आता खर्चाची बाजू. विमानभाडे, विमा, मध्यस्थ संस्थेची फी हा सारा पैसा विद्यार्थी भरतो, आणि त्याचा बराचसा भाग त्या खेड्यात पोचतच नाही. पाहुण्यांवर देखरेख करण्यात स्थानिक कर्मचाऱ्याचे जे तास जातात, ते मात्र कोणत्याच जमाखर्चात दिसत नाहीत.

वस्तुतः निराळा मार्ग टांझानियानेच दाखवला आहे. वीज नको, यंत्र नको. हातातल्या हत्यारांनी किडलेला भाग खरवडून चिकट सिमेंटने पोकळी बुजवण्याची पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यास तेथेच विकसित झाली. त्यासाठी वापरले जाणारे ग्लास आयोनोमर सिमेंट २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. 'ब्रिज टू एड' या ब्रिटिश संस्थेनेही तेथे स्वयंसेवक दंतवैद्यांकरवी ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्यांना तातडीच्या दंतोपचाराचे शिक्षण देण्यावर भर दिला. पाहुणा परत गेला तरी शिकलेला कर्मचारी गावातच राहतो. न्यूझीलंडने तर १९२१ पासून शाळांमध्ये खास प्रशिक्षित दंतपरिचारिका नेमून मुलांच्या दातांची व्यवस्था लावली. पूर्ण पदवीधर येईपर्यंत थांबले नाहीत.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण येथे अपरिहार्य आहे. १९३८ साली चीनच्या विनंतीवरून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. तेथे ते चिनी भाषा शिकले, तेथलेच झाले आणि १९४२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. विद्यार्थ्याकडून एवढी अपेक्षा कोणी करणार नाही. पण आमंत्रण कोणाचे आणि भाषा कोणती, हे दोन प्रश्न त्यानेही निघण्यापूर्वी विचारावेत. शिकाऊ म्हणून जावे, स्थानिक दंतवैद्याच्या हाताखाली राहावे, घरी जे करता येत नाही ते तिकडेही करू नये; मग जाण्याला हरकत नाही.

आणि वंचित वस्ती गाठायला समुद्रच ओलांडावा लागतो, असेही नाही. कृत्रिम दात व चष्मे यांवर आकार बसवण्याच्या प्रश्नावरून १९५१ साली अन्यूरिन बेव्हन यांनी ब्रिटिश मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्याच ब्रिटनमध्ये अलीकडच्या वर्षांत राष्ट्रीय आरोग्य सेवेखाली दंतवैद्य मिळवताना लोकांची दमछाक होते आहे. गरीब देशांना दंतसाहित्य पाठवण्यासाठी निघालेली 'डेंटएड' ही संस्था आता ब्रिटनच्या शहरांतून बेघरांसाठी फिरते दवाखाने चालवते. त्या गाड्यांवरही स्वयंसेवक लागतातच.